चारशे मीटरची शिस्त

वेगवान गाडी बांधणे आणि गाडी वेगात हाकणे ही दोन वेगळी कामे आहेत. हाकायला एक उजवा पाय आणि मोकळा रस्ता पुरतो. बांधायला मात्र धातू, वायू, उष्णता आणि घर्षण यांची जाण लागते, आणि त्याहून अधिक लागतो तो धीर. मुंबईच्या उपनगरांत या दोन कामांची गल्लत झाली आहे. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांवर किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रुंद रस्त्यांवर मध्यरात्रीनंतर शर्यती लागतात, पोलीस नाकाबंदी करतात, गाड्या जप्त होतात आणि काही दिवसांनी सारे पुन्हा सुरू होते. या प्रकाराला विरोध करताना आपण बहुधा फक्त धोक्याबद्दल बोलतो. धोका खराच आहे, पण वेगाच्या नादात असलेल्या विशीतल्या मुलाला धोक्याची भीती घालून थांबवता येत नाही. त्याला पटेल असा दुसरा मुद्दा त्याच्या गाडीच्या बॉनेटखालीच सापडतो. नायट्रस आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली ड्रॅग गाडी कशी बांधतात हे नीट पाहिले, तर लक्षात येते की अशी गाडी रस्त्यावर धोकादायक तर असतेच, शिवाय निरुपयोगीही असते. तिचा एकेक भाग मोजलेल्या, बंदिस्त पट्टीसाठीच घडवलेला असतो. ती पट्टी मिळवून देणे हाच या प्रश्नावरचा टिकाऊ उपाय आहे, असे माझे मत आहे.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांनी उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कापणे. वळण नाही, फेरी नाही. सुटण्यासाठी दिव्यांचा खांब आणि शेवटी सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ. या खेळाचा जन्मही रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या गाड्यांची इंजिने वाढवून रस्त्यांवर आणि कोरड्या तळ्यांच्या मैदानांत धावत. १९५० साली तिथल्या सांता ॲना विमानतळावर रीतसर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली आणि १९५३ मध्ये पोमोना इथे तिची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. पोमोनाच्या पोलीसप्रमुखांनी या मुलांना हाकलून लावण्याऐवजी जागा मिळवून द्यायला मदत केली होती. आज त्याच संघटनेच्या सर्वांत वरच्या वर्गातल्या गाड्यांची ताकद ११ हजार अश्वशक्तीच्या आसपास आहे आणि सुरक्षेसाठी २००८ पासून त्यांचे अंतर पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणले आहे. खेळ वाढत गेला तसे त्याचे नियमही कडक होत गेले.

या खेळाचे गणित सोपे आहे आणि ते बहुतेकांच्या समजुतीला धक्का देते. गाडीचे चालकासह वजन किलोत घ्यावे, त्याला अश्वशक्तीने भागावे, उत्तराचे घनमूळ काढावे आणि साधारण ७.६ ने गुणावे. पाव मैलाला लागणारे सेकंद ढोबळमानाने मिळतात. हजार किलोची, १२५ अश्वशक्तीची गाडी घेतली तर भागाकार ८, घनमूळ २ आणि वेळ सुमारे १५.२ सेकंद. ही वेळ निम्मी करायची तर ताकद दुप्पट करून भागत नाही, आठपट करावी लागते. उलट त्याच गाडीतले शंभर किलो वजन कमी केले तर अर्धा सेकंद जवळजवळ फुकट मिळतो. कुर्ल्यात बनलेली, चाळीसेक अश्वशक्तीची प्रीमिअर पद्मिनी याच हिशेबाने पाव मैलाला बावीस सेकंदांच्या आसपास घेईल. अर्थात ताकद जमिनीपर्यंत नीट पोचते असे हे सूत्र गृहीत धरते, आणि खरी अडचण तिथेच असते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. गाडी जोरात सुटली की भार मागच्या चाकांकडे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि ज्या चाकांनी जमीन धरायची तीच जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून जाणकार मेकॅनिक इंजिनाला हात लावण्याआधी टायर, हवेचा दाब, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्याकडे वळतो. पहिल्या साठ फुटांत गमावलेला वेळ पुढे कितीही ताकद लावली तरी भरून निघत नाही.

आता नायट्रसकडे येऊ. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ने हे नाव घराघरांत नेले आणि २००४ च्या ‘धूम’ने मुंबईच्या रस्त्यांवरच्या वेगाला चकाकी दिली, पण पडद्यावर बटण दाबताच गाडी बाणासारखी सुटते त्यामागचे रसायन कुणी सांगितले नाही. नायट्रस ऑक्साइड हा वायू जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये तयार केला आणि शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी तो आजही वापरला जातो. तो स्वतः इंधन नाही. इंजिनात जळते ते पेट्रोलच. ते किती जळू शकेल हे सिलिंडरमध्ये शिरलेल्या प्राणवायूवर ठरते. हवेत वजनाच्या हिशेबाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये तो ३६ टक्के. तीनशे अंशांच्या आसपास तापमानाला त्याचा रेणू फुटतो, प्राणवायू मोकळा होतो आणि फुटताना थोडी उष्णताही देतो. शिवाय गाडीतल्या बाटलीत दाबाखाली भरलेला हा द्रव उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे इंजिनात जाताना तो आतली हवा एकदम थंड आणि दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने विरळ हवेत उंचावर याच वायूच्या जोरावर ताकद टिकवत. आपल्या हजार किलोच्या गाडीला नायट्रसने पन्नास अश्वशक्ती जोडली, तर वेळ १५.२ वरून १३.६ सेकंदांवर येते आणि रेषा ओलांडतानाचा वेग ताशी १४५ वरून १६० किलोमीटरच्या पुढे जातो.

या फायद्याची किंमत हिशेबानेच चुकवावी लागते. जास्तीच्या प्राणवायूला जास्तीचे पेट्रोल लागते. ते कमी पडले तर ज्वाला इतकी तापते की पिस्टनचा माथा वितळतो, आणि हे काही सेकंदांत घडते. म्हणून पेट्रोलचा पंप आणि नोझल आधी वाढवतात, थंड प्रकृतीचे स्पार्क प्लग बसवतात, ठिणगीची वेळ थोडी मागे घेतात आणि नॉकिंग टाळण्यासाठी चढ्या ऑक्टेनचे पेट्रोल भरतात. मुंबईत तर आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे इथले ऊन. बाटलीतला दाब तापमानाबरोबर चढतो. वीस अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट असतो, छत्तीस अंशांशी सत्तरीच्या पुढे जातो, आणि ३६.४ अंशांच्या वर हा वायू द्रव राहूच शकत नाही. थंड देशांत बाटलीला ऊब देणारा पट्टा गुंडाळतात. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ती आपोआप या मर्यादेपलीकडे तापते. दाब वाढला की नायट्रस जास्त शिरतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते, आणि पिस्टन वितळण्याची वाट मोकळी होते. बाटलीचे तापमान आणि दाब प्रत्येक धावेआधी पाहिल्याशिवाय बटणाला हात लावू नये, हा नियम म्हणूनच आहे. बाटली पक्की बोल्टने आवळलेली हवी आणि तिच्या सुरक्षा-चकतीतून सुटणारा वायू नळीने गाडीबाहेर जायला हवा. दाबाखालच्या वायूच्या टाक्यांवर आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. दवाखान्याच्या सिलिंडरमधून गुपचूप भरून घेतलेली बाटली ही गाडीत ठेवलेली जोखीम असते.

नायट्रसबरोबर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का, हा प्रश्न अनेकांना पडतो, कारण ‘खरा ड्रायव्हर स्वतः गिअर टाकतो’ अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्याचे उत्तर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; कन्व्हर्टरमध्ये हेच काम तेल करते. दोन पात्यांच्या मध्ये तिसरी पाती असते, ती परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, आणि त्यामुळे गाडी सुटण्याच्या क्षणी इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट होऊन गिअरबॉक्सला मिळतो. क्लचप्लेटला जो धक्का एका झटक्यात सोसावा लागतो तो इथे तेल पचवते. नायट्रसच्या बाबतीत तर हे फार मोलाचे ठरते. नायट्रस सोडायचा तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत असतानाच. मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना क्लच दाबला की इंजिनावरचा भार क्षणभर सुटतो; त्या क्षणी नायट्रस चालू राहिला तर फेरे बेभान चढतात. ऑटोमॅटिकमध्ये पाय उचलावा लागत नाही, भार सुटत नाही आणि ताकदीची धार अखंड राहते. म्हणूनच जनरल मोटर्सने १९५० ते १९७३ या काळात घरगुती गाड्यांसाठी बनवलेला ‘पॉवरग्लाइड’ हा दोनच गिअरांचा गिअरबॉक्स अमेरिकेच्या ड्रॅग पट्ट्यांवर अजून मानाने नांदतो. त्याला ‘ट्रान्सब्रेक’ जोडतात: पहिला आणि रिव्हर्स गिअर एकाच वेळी अडकवून गाडी जागेवर रोखून धरायची आणि दिवा लागताच रिव्हर्स सोडायचा.

ऑटोमॅटिकवरचे आक्षेप अगदीच खोटे नाहीत. कन्व्हर्टर काही ताकद तेलात गमावतो, वजन वाढवतो आणि प्रचंड तापतो. त्यामुळे तेल थंड करणारा वेगळा कूलर लावल्याशिवाय गिअरबॉक्स फार दिवस टिकत नाही. पण ड्रॅगमध्ये सर्वांत मोलाची गोष्ट सातत्य असते. ज्या प्रकारात प्रत्येक चालक आपली वेळ आधी जाहीर करतो आणि त्या वेळेच्या जास्तीत जास्त जवळ येणारा बाजी मारतो, तिथे माणसाच्या डाव्या पायापेक्षा तेलाचा भरवसा अधिक. चालकाचे कौशल्य दिव्याला दिलेल्या प्रतिसादात, सुटण्याआधी इंजिन किती फेऱ्यांवर धरायचे या निर्णयात आणि धाव कधी अर्धवट सोडायची या समजुतीत दिसते. आपल्या बाजारात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी मात्र या कामाची नसते. एएमटी हा मुळात यंत्राने चालवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स; गिअर बदलताना तो ताकद तोडतोच. सीव्हीटीचा पट्टा अचानक वाढलेल्या पिळाने घसरतो. टॉर्क कन्व्हर्टरचा किंवा दोन क्लचांचा डीएसजीसारखा गिअरबॉक्स हा भार घेऊ शकतो, तोही मर्यादेतच.

हे सारे भाग एकत्र ठेवून पाहावे. नायट्रस पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवरच चालतो; जोगेश्वरीच्या सिग्नलपासून पुढच्या उड्डाणपुलापर्यंत ॲक्सिलरेटर किती क्षण पूर्ण दाबता येतो? टायरची पकड रबर साचलेल्या, झाडलेल्या पट्टीवर मिळते. महामार्गावर तेलाचे डाग, रंगवलेले पट्टे आणि पावसाळ्यानंतरची ठिगळे असतात. वेळ मोजणारे यंत्र नसेल तर केलेला बदल लागू पडला की नाही हे कळायला मार्ग नाही. शेजारची गाडी मागे पडली एवढेच कळते, आणि ती मागे का पडली हे कळत नाही. मग उरतो थांबण्याचा प्रश्न. ताशी १६० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीला, चालकाचा एक सेकंदाचा प्रतिसाद धरून, चांगल्या ब्रेकवर आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे पावणेदोनशे मीटर लागतात. ताशी ५० ला हेच अंतर पंचवीसेक मीटर असते. रात्रपाळी संपवून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला, दूध पोचवणाऱ्या टेम्पोला, वळण घेणाऱ्या रिक्षाला या पावणेदोनशे मीटरची कल्पना नसते आणि असण्याचे कारणही नाही. रस्त्यावरच्या शर्यतीतून गाडी बांधणाऱ्याच्या हाती काही ज्ञान लागत नाही, आणि धोका पत्करावा लागतो तो ज्याचा या शर्यतीशी काही संबंध नाही अशा माणसाला.

कायदाही इथे वाटतो त्यापेक्षा समंजस आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रस्त्यावरच्या शर्यतीचे कलम १८९. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पण हे कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी होणाऱ्या शर्यतीला लागू होते. म्हणजे संमती देण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे, आणि इतर राज्यांनी ती चोखाळली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादने हुसेन सागरच्या काठचे रस्ते बंद करून विद्युत गाड्यांची जागतिक शर्यत भरवली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस चेन्नईने शहरातल्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत घेतली. महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने रीतसर ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे धावल्या आहेत. त्या स्पर्धांनी दाखवून दिले की तपासणी, हेल्मेट, रुग्णवाहिका आणि घड्याळ यांच्या चौकटीत हा खेळ इथे रुजू शकतो. मात्र वर्षातून एखाद-दुसरी स्पर्धा दर आठवड्याला गाडी सुधारत बसणाऱ्या मुलाला पुरत नाही.

उपनगरांकडे हे कौशल्य नवे नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्यात गाड्या जोडायला सुरुवात केली आणि शतक संपेपर्यंत तिथे गाड्या बनत राहिल्या. कांदिवलीत महिंद्राचा कारखाना आहे. आज पवईतल्या आयआयटीचे, विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आणि विलेपार्ल्याच्या द्वारकादास संघवी महाविद्यालयाचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधतात. त्या स्पर्धेत उभ्या जागेवरून ७५ मीटर धावण्याची एक चाचणीच असते, म्हणजे छोटी ड्रॅग रेसच. ब्रेकची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय तिथे कुठल्याही गाडीला धावू देत नाहीत. आयआयटीचा संघ तर विद्युत गाड्या बांधतो. महाविद्यालयातल्या मुलाला जी शिस्त मिळते ती गॅरेजमधल्या मुलाला मिळत नाही, कारण त्याच्यासाठी तपासनीस नाही, घड्याळ नाही आणि धावायला जागाही नाही. दोघांच्या हातांत फरक नाही.

अशी पट्टी दिली तर वेगाचे वेड वाढेल, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. एक पट्टी झाली म्हणून रस्त्यावरची प्रत्येक शर्यत थांबेल, असा दावा मी करत नाही. टाळ्यांसाठी आणि पैजेसाठी धावणारे धावतीलच. पण ज्यांना खरोखर गाडी बांधायची आहे ते त्यांच्यापासून वेगळे होतील, आणि उरलेल्यांवर कठोर कारवाई करताना पोलिसांच्या मागे समाज निःसंकोच उभा राहू शकेल. हा श्रीमंतांचा षोक आहे असेही म्हणतात. महागड्या परदेशी गाड्यांपुरते ते खरे आहे. पण आपल्या मूळ वेळेशीच स्पर्धा करायच्या वर्गात जुनी मारुतीही जिंकू शकते, आणि वजन कमी करणे, टायरचा दाब जुळवणे, ब्रेक दुरुस्त करणे याला लाखो रुपये लागत नाहीत. पेट्रोल आणि प्रदूषणाचा मुद्दा घेतला तर एका धावेला पंधरा सेकंद लागतात. हा खेळ महिन्याभरात जाळेल ते इंधन रोजच्या वाहतूक कोंडीच्या तुलनेत नगण्य असेल. विद्युत गाड्या तर क्लच-गिअरशिवाय पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ देतात. त्यांचा वेग सुरक्षितपणे मोजायलाही अशीच पट्टी लागेल. जागेची अडचण मात्र खरी आहे. ४०२ मीटर धावल्यावर थांबायला त्याहून मोठी मोकळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना भक्कम कठडे हवेत, आणि बोरिवली-मुलुंडच्या दाटीत ती मिळणार नाही. पण महानगर प्रदेशाच्या कडेला, औद्योगिक वसाहतींतल्या सुट्टीच्या दिवशी रिकाम्या राहणाऱ्या सरळ रस्त्यांवर, महिन्यातून एक दिवस लेखी संमतीने ती उभी करता येईल.

म्हणून मागणी नेमकी करावी. राज्याच्या परिवहन आणि क्रीडा खात्यांनी, एमएमआरडीएने आणि पोलिसांनी मिळून, देशाच्या मोटारक्रीडा महासंघाच्या नियमांखाली, मुंबईकरांना परवडेल अशा शुल्कात महिन्यातून एकदा चालणारी ड्रॅग पट्टी सुरू करावी. तिथे येणारी गाडी ट्रेलरवरून यावी, तिचे ब्रेक, सीटबेल्ट आणि बाटली तपासली जावी, आणि रस्त्यावर शर्यत करताना पकडलेल्याला तिथे प्रवेश बंद असावा. आणि अंधेरी ते मुलुंडच्या गॅरेजांत रात्र-रात्र जागून इंजिन उघडणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे: तुमचे काम खरोखर चांगले असेल तर ते घड्याळासमोर सिद्ध करा, आणि तोवर ती बाटली गाडीतून काढून ठेवा.